गच्चीवरच्या विमानाला रंग कसा देतात?

नेहमी ऐकणाऱ्यांना माहीत आहे, पण नवीन आलेल्यांसाठी सांगते. आपण इथे इतिहास बोलतो, पण राजा आणि लढाई सोडून बाकीचा. हातोड्याचा, सुईचा, कढईचा इतिहास. आजचा इतिहास रंगाचा आहे, आणि तोही घरी बांधलेल्या विमानाच्या रंगाचा.

हा विषय मी निवडला नाही, माझ्या बाबांनी निवडला. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला होता. त्या वेळी कांदिवलीच्या चारकोपमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची बातमी सगळीकडे झळकली. कॅप्टन अमोल यादव, जेट एअरवेजमधले वैमानिक. मोठं एकत्र कुटुंब, आणि त्याच घराच्या गच्चीवर सहा माणसं बसतील असं विमान. सुटे भाग करून क्रेननं ते खाली उतरवलं आणि प्रदर्शनात नेऊन पुन्हा जोडलं. आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले होतो. भाऊ म्हणाला, इंजिन कुठलं असेल? आई म्हणाली, पैसा कुठून आणला असेल? आणि बाबा म्हणाले, “अगं, पण रंग कुठे मारला असेल? गच्चीवर वारा असतो, धूळ असते. आणि मुंबईची हवा, खारट नि ओली. तिथे रंग धरतो कसा?”

बाबा हे विचारणारच. त्यांनी उभी हयात गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये काढली. रायपूरमधल्या एका वर्कशॉपमध्ये, नाव घेत नाही. त्यांच्याबद्दल शेवटी आणखी सांगायचं आहे. आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधू या. ते शोधायला गेलं की शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हाताला लागतो.

सुरुवात करू या राइट बंधूंपासून. १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचं जे विमान उडालं, त्याला रंगच नव्हता. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर मलमलीसारखं साधं सुती कापड. ‘प्राइड ऑफ द वेस्ट’ नावाचं हे कापड दुकानात मिळायचं आणि बायकांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरलं जायचं. दोघा भावांनी ते स्वतः बेतलं आणि शिवणयंत्रावर शिवलं. कापडाचे धागे तिरके येतील असे लावले, म्हणजे पंखाला ताण मिळतो. पण वर कसलाही लेप दिला नाही. तेवढ्या छोट्या उड्डाणांना ते पुरलं.

लवकरच अडचण कळली. नुसतं कापड हवा आरपार जाऊ देतं. दमट हवेत ते सैल पडतं, कोरड्या हवेत ताणतं. पावसात भिजून जड होतं. म्हणून कापडाला लेप द्यायची पद्धत आली. या लेपाला म्हणतात डोप. सेल्युलोज एका द्रावकात विरघळवायचं आणि ब्रशनं कापडावर चढवायचं. द्रावक उडून गेला की कापड आक्रसतं आणि तबल्याच्या पुडीसारखं ताठ होतं. म्हणजे बघा, विमानाचा पहिला ‘रंग’ शोभेसाठी नव्हताच. तो पंखाचाच भाग होता. तो नीट बसला नाही तर पंखाचा आकार बिघडणार.

याच सुमारास घरी विमान बांधण्याची कल्पनाही जन्माला आली. पॅरिसमध्ये राहणारा ब्राझीलचा आल्बेर्तो सांतोस-दुमाँ. त्यानं ‘देम्वाझेल’ नावाचं चिमुकलं विमान केलं. बांबूचा वापर आणि रेशमी कापड. त्यावर त्यानं हक्क राखले नाहीत. १९१० मध्ये ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकी मासिकात त्याचे आराखडेच छापून आले. म्हणजे सुतारकाम येणाऱ्या कुणीही बघून बांधावं! पुढे फ्रान्सच्याच आंरी मिन्येनं १९३३ मध्ये ‘पू द्यु सिएल’, म्हणजे ‘आकाशातली पिसू’, नावाचं विमान केलं आणि ते कसं बांधायचं याचं पुस्तक लिहिलं. युरोपभर लोक कामाला लागले. पण रचनेत दोष होता, जीवघेणे अपघात झाले आणि १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये त्याच्या उड्डाणांवर बंदी आली. हौसेला नियमांचं कुंपण का लागतं, हे त्या पिसूनं दाखवून दिलं. मग १९५३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीजवळ पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली, ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’. एकमेकांची कामं तपासायची, अनुभव सांगायचे. आज ती जगभर पसरली आहे.

आता पुन्हा डोपकडे वळते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

सुरुवातीचा डोप होता नायट्रेटचा. सेल्युलोज नायट्रेट म्हणजे बंदुकीच्या दारूचा सख्खा भाऊ. ठिणगी पडली की भडका. म्हणून आगीला कमी बळी पडणारा अॅसिटेटचा डोप आला. पण अॅसिटेट सहजासहजी विरघळत नाही. त्यासाठी चांगला, न पेटणारा द्रावक सापडला, टेट्राक्लोरोइथेन. वास थोडा गोडसर. पहिलं महायुद्ध सुरू झालं, विमानांची मागणी वाढली, आणि कारखान्यांच्या बंद खोल्यांत माणसं दिवसभर हा डोप चढवू लागली. त्यांत बायका पुष्कळ होत्या.

१९१४ च्या अखेरीस लंडनजवळ हेंडनला डोपच्या खोलीतल्या कामगारांना कावीळ होऊ लागली. आधी मळमळ, झोप लागल्यासारखी गुंगी, मग डोळे पिवळे. काही जण दगावले. तपासाअंती कळलं की द्रावकाची वाफ यकृत नासवते. जर्मनीतही अशीच माणसं आजारी पडली होती. १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये अशी कावीळ झाली तर सरकारला कळवणं बंधनकारक झालं, आणि हळूहळू तो द्रावक डोपमधून गेला.

या गोष्टीत मला एकच वाटतं. आगीची भीती सगळ्यांना दिसत होती, म्हणून आगीवर उपाय झाला. वाफ दिसत नव्हती, म्हणून ती माणसांच्या अंगात गेली. वैमानिक वाचावा म्हणून जो लेप बदलला, त्यानं लेप देणारी माणसं मारली. युद्धाच्या इतिहासात वैमानिकांची नावं छापली आहेत. डोप चढवणाऱ्या मुलींची नावं शोधायला गेलं तर वैद्यकीय अहवाल उघडावे लागतात.

त्याच युद्धात रंगाचं आणखी एक काम कळलं. उन्हानं कापड कुजतं. पंख वरून धडधाकट दिसतो आणि बोट लावलं की फाटतो. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी कारखान्यात प्रयोग करून डोपमध्ये मातीचे रंग आणि काजळी मिसळली, म्हणजे ऊन कापडापर्यंत पोचणार नाही. त्या मिश्रणाचं नाव पीसी-१०. ब्रिटिश विमानांचा तो मातकट हिरवा-तपकिरी रंग आपल्याला लपण्यासाठीचा वाटतो. लपायला तो उपयोगी होताच, पण उन्हापासून संरक्षण हेही त्याचं मोठं काम होतं. पुढे त्यासाठी डोपमध्ये अॅल्युमिनियमची पूड घालू लागले. जुन्या कापडी विमानांची चित्रं बघा, कितीतरी चंदेरी दिसतात. ती चंदेरी छटा म्हणजे कापडाची छत्री. १९६० च्या दशकात सुती कापडाची जागा पॉलिएस्टरनं घेतली, पण उन्हाचा थर आजही द्यावाच लागतो.

रायपूरकरांना ऊन काय करतं हे वेगळं सांगायला नको. आपल्या माना विमानतळावर, म्हणजे आजच्या स्वामी विवेकानंद विमानतळावर, ऑगस्ट २०१५ मध्ये बांगलादेशच्या युनायटेड एअरवेजचं एमडी-८३ विमान उतरलं होतं. ढाक्याहून मस्कतला निघालेलं, इंजिनात बिघाड झाला म्हणून इथे आलं. प्रवासी दुसऱ्या विमानानं गेले, हे मात्र इथेच राहिलं. वर्षानुवर्षं उघड्यावर. विमानाची सोबत करायला आपला मे महिना होता, पंचेचाळीस अंशांचा, आणि त्यामागून येणारा पाऊस. उडणारं विमान रोज कुणीतरी पुसतं, तपासतं, खरचटलं तर रंग भरतं. नुसतं उभं राहिलेलं विमान आधी रंगानं हरतं, मग आतून.

आता धातूच्या विमानांकडे येऊ. इथे कापड नाही, मग रंग कशाला? तर गंज. अॅल्युमिनियम लोखंडासारखं तांबडं गंजत नाही, पण खारट हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते आणि पत्रा आतून पोखरतो. चारकोप कुठे आहे? खाडीच्या अगदी जवळ. बाबांनी टीव्ही बघताना जे म्हटलं, ते याचसाठी.

अॅल्युमिनियमवर रंग सहज धरत नाही. त्याच्या क्रिया ठरलेल्या आहेत. आधी पत्रा धुवायचा. स्वच्छ झाला का, हे बघायची सोपी युक्ती आहे. पाणी ओतायचं. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन फुटलं तर अजून तेलकट आहे. आपण खरकटी थाळी घासताना नेमकं हेच बघतो. मग सौम्य आम्लानं पृष्ठभाग किंचित खरखरीत करायचा, वर क्रोमियमयुक्त द्रावणाचा पातळ थर द्यायचा, मग प्राइमर. जुन्या विमानांच्या आत डोकावलं तर जो पोपटी-पिवळट रंग दिसतो, तो झिंक क्रोमेटचा प्राइमर. गंज थांबवण्यात तो पटाईत, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. म्हणून आता इतर पर्याय येत आहेत. प्राइमरवर मग शेवटचा रंग, बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा. रंग आणि हार्डनर मिसळून मारायचा. तोच, जो आपल्या गाड्यांना मारतात.

घरी विमान रंगवणाऱ्याला यापुढे चार गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि चारही जिवाशी आहेत.

पहिली गोष्ट वजन. एका लहान विमानावर प्राइमर आणि रंग मिळून पाच-दहा किलो सहज चढतात. घराच्या भिंतीला एक हात जास्त दिला तर कुणाचं काही बिघडत नाही. विमानाला दिला तर तेवढं सामान किंवा इंधन कमी करावं लागतं. मोठ्या कंपन्याही हा हिशेब करत. अमेरिकन एअरलाइन्सची विमानं कित्येक दशकं बिनरंगी, चकचकीत धातूचीच उडत होती. २०१३ मध्ये त्यांनी रंग स्वीकारला, कारण नवी विमानं सगळीच धातूची उरली नव्हती. रंग दिल्यावर विमान पुन्हा वजन करावं लागतं, आणि वजनाचा तोल पुढे आहे की मागे, हेही काढावं लागतं.

दुसरी गोष्ट तोल. पंखाच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला हलणारे भाग असतात, त्यांवर विमान वळतं. ते बिजागरीवर तोलून बसवलेले असतात. मागच्या बाजूला रंगाचा जाड थर बसला की तागडी झुकते. मग विशिष्ट वेगाला तो भाग फडफडू लागतो, जसं वाऱ्यात पत्र्याचं टोक फडफडतं. ती फडफड काही क्षणांत वाढून भागच तुटू शकतो. म्हणून असे भाग रंगवून पुन्हा तोलावे लागतात. हौशी माणूस नेमका इथे चुकतो. पहिल्या रंगाच्या वेळी तोलतो, आणि दोन वर्षांनी नक्षीचा पट्टा ओढताना विसरतो.

तिसरी गोष्ट चिकटपट्टी. रंगकाम म्हटलं की मास्किंग टेप आली. विमानाच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवेचा दाब मोजून उंची आणि वेग कळतो. २ ऑक्टोबर १९९६ ला पेरू देशात एअरोपेरूचं बोइंग ७५७ लिमाहून निघालं. त्याआधी ते धुताना-पुसताना या छिद्रांवर पट्टी लावली होती, ती काढायची राहिली. रात्र, खाली समुद्र, आणि सगळी यंत्रं खोटं सांगणारी. विमानातली ७० माणसं गेली. एक वीतभर पट्टी! बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पट्टी मोजून लावायची आणि मोजून काढायची. आम्ही गाडीतही तेच करायचो.”

चौथी गोष्ट उष्णता. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या बर्ट रुटान यांनी फोम आणि फायबरग्लासची विमानं घरी बांधायची पद्धत आणली, ‘व्हेरी-ईझी’ हे त्यातलं गाजलेलं. या विमानांना पांढराच रंग द्या, असा आग्रह असतो. कारण गडद रंग उन्हात तापतो आणि आतलं इपॉक्सी मऊ पडू लागतं. म्हणजे आवडता लाल किंवा काळा रंग दिला, तर उन्हाळ्याच्या दुपारी पंखाची ताकद घटते. आपल्याकडे पाण्याच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी कसं चटका देतं, आठवा.

आणि दमट हवेचा शाप वेगळाच. रंगातला द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि डोप धुरकट पांढरा पडतो. म्हणून पावसाळ्यात रंग टाळायचा किंवा सावकाश उडणारं थिनर घालायचं. हे युक्रेनपासून उमरेडपर्यंत सगळ्या पेंटरना ठाऊक आहे.

इतकं सगळं करून झालं की शेवटी येतात अक्षरं. विमानाची नोंदणी झाल्याशिवाय ही अक्षरं रंगवता येत नाहीत, आणि मला वाटतं, घरी विमान बांधणाऱ्याच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा रंग. भारताची विमानं १९२९ पासून व्हीटी या खुणेनं सुरू होतात. आंतरराष्ट्रीय नियमानं पंखावरची अक्षरं निदान ५० सेंटीमीटर उंच आणि अंगावरची निदान ३० सेंटीमीटर हवीत. अक्षर साधं, वेलबुट्टी नाही, मागच्या रंगावर उठून दिसणारं.

अमोल यादव यांच्या विमानाचं नाव टीएसी-००३. त्यातला तीनच सांगतो की आधी दोन प्रयत्न झाले होते. प्रदर्शन झालं फेब्रुवारी २०१६ मध्ये. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि अक्षरं मिळाली व्हीटी-एनएमडी, म्हणजे नरेंद्र मोदी आणि देवेंद्र. २०१८ मध्ये पालघरला विमानाच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी ३५,००० कोटींचा करार जाहीर झाला. पण उडायची परवानगी यायला ऑक्टोबर २०१९ उजाडला, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. गच्ची ते आकाश, मधला बराचसा काळ कागदात गेला. तुलनेला एक उदाहरण देते. केरळच्या आलप्पुळचे अशोक तामराक्षन इंग्लंडमध्ये राहतात. टाळेबंदीच्या काळात त्यांनी घरच्यांना घेऊन चार आसनी विमानाचा संच जोडला, २०२२ मध्ये ते उडालं. त्यावर अक्षरं आहेत जी-दिया. धाकट्या मुलीचं नाव. दोघंही विमानात आपली माणसं लिहून घेतात, एकानं नेते लिहिले, एकानं लेक.

मराठी माणूस आणि विमान म्हटलं की तुमच्यापैकी बरेच जण तळपदेंचं नाव घेणार. शिवकर बापूजी तळपदे, १८९५ आणि चौपाटी. तो वेगळा आणि वादाचा विषय आहे, त्यावर अख्खा भाग करू. आज एवढंच म्हणते की यादवांचं विमान आपल्याला कॅमेऱ्यात दिसलं, कागदावर नोंदलं गेलं आणि धावपट्टीवरून उठलं. आपल्याला अभिमानाला पुरावा लागतो, तो इथे आहे.

आता बाबा. मघाशी म्हटलं होतं, शेवटी सांगेन.

पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते हवेत जातं. धोक्याच्या पातळीला त्याचा वास येत नाही, आणि एकदा शरीर त्याच्यावर बिथरलं की मग थोड्याशा मात्रेनंही दमा उसळतो. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा नळीनं पुरवणारा मुखवटा लागतो. जगभरचे जाणते हौशी बांधकाम करणारे त्याशिवाय बंदूक हातात घेत नाहीत. बाबांच्या वर्कशॉपमध्ये मुखवटा म्हणजे ओला रुमाल. तीस वर्षं. ते कुणाला दोष देत नाहीत, म्हणतात की तेव्हा कुणाला माहीत होतं? पण १९१६ साली एका देशानं कायदा करून सांगितलं होतं की रंगाची वाफ माणूस मारते. माहिती होती. ती आमच्या गल्लीपर्यंत यायला शंभर वर्षं लागली. आज बाबा जिना चढताना मध्ये थांबतात, खिशातून पंप काढतात.

म्हणून या भागातून एकच मागणं. तुमच्यातलं कुणी विमान बांधेल की नाही माहीत नाही. पण कुणी स्कूटर रंगवेल, कुणी कपाट, कुणाच्या घरासमोर एखादा पोरगा गाडीला फवारा मारत असेल. त्याच्या तोंडावर काय आहे, बघा. रुमाल असेल तर थांबवा. चांगला मुखवटा रंगाच्या डब्यासोबतच घ्या, उरलेल्या पैशांत नको.

हा भाग बोलण्याआधी मी बाबांना पूर्ण ऐकवला. कापड, डोप, कावीळ, चंदेरी थर, सगळं. त्यांनी विचारलं, “मग गच्चीवर रंग धरतो का?” मी म्हटलं, धरतो बाबा. आडोसा केला, पत्रा नीट धुतला, पावसाळा टाळला आणि पट्ट्या मोजून काढल्या, तर धरतो. ते म्हणाले, “तेच तर. विमान असो की मारुती, रंगाआधीचं काम नव्वद टक्के.”

पुढच्या भागात शिवणयंत्राच्या इतिहासावर बोलू. राइट बंधूंचं कापड आज अर्धवट सोडलंय, ते तिथे पूर्ण शिवू. तोवर तब्येत सांभाळा, श्वास सांभाळा. भेटू या.